धाकटीच्या घरातला उजेड

माझ्या धाकट्या जावेबद्दल चांगलं सांगणारी माणसं आमच्या रस्त्यावर हवी तेवढी मिळतील, म्हणून मी आधी बाकीचं सांगते. जिन्यातला दिवा बंद करायचं तिला कधी आठवत नाही. चपला काढते त्या एक इकडे, एक तिकडे. बोलते मोठ्याने, हसते त्याहून मोठ्याने, आणि हे सगळं दार सताड उघडं टाकून. दातांच्या दवाखान्यात येणाऱ्याजाणाऱ्यांना वेळ देण्याचं काम करते. तिथे दाढ काढायला आलेला माणूससुद्धा सुजलेल्या तोंडाने तिच्याशी गप्पा मारत बसतो म्हणे. लग्न होऊन या घरात मी तिच्या कितीतरी आधी आले. पण सासूबाई तिला 'अगं' म्हणून हाक मारतात आणि मला अजून 'सूनबाई' म्हणतात. खोटं कशाला सांगू, हे मला लागतं.

खालच्या मजल्यावर आम्ही, वरच्या मजल्यावर ती. भावोजी कामानिमित्त सारखे फिरतीवर असतात, त्यामुळे वर ती आणि तिची दोन मुलंच. माझ्याकडे आमचे हे, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई. म्हणजे माणसं माझ्याकडे जास्त. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाईंनी आमच्या वस्तीतल्या घरांचा अभ्यास सुरू केला. लोक घरात वीज, पाणी, गॅस किती वापरतात, कशासाठी वापरतात, टाकून काय देतात आणि यातलं टाळता येण्यासारखं किती आहे, असा तो अभ्यास. जिन्याखाली आमच्या दोन्ही घरांचे विजेचे बोर्ड शेजारी शेजारी आहेत. तिथे त्यांनी काडेपेटीएवढी एकेक डबी बसवली. डबीवर हिरवा ठिपका लुकलुकायचा, वापर जास्त झाला की भराभर. शिवाय दर आठवड्याला संध्याकाळी त्यांची एक मुलगी यायची, पिशवीतून हातकाटा काढायची आणि आमचा कचरा जोखायची. वस्तीत तिचं नाव काट्यावाली पडलं. आपल्या उष्ट्याखरकट्याचं वजन कोणी गंभीर चेहऱ्याने करतंय हे बघून पहिल्यांदा सगळ्यांना हसू आलं. धाकटीने तर तिला बसवून चहा पाजला.

काट्यावालीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुम्ही नेहमीसारखंच राहा. ही काही परीक्षा नाही. शेवटी सगळ्यांना सभागृहात बोलावून काय आढळलं ते सांगू. ज्या घराकडून इतरांना काही घेता येईल, त्याच्याबद्दल मॅडम बोलतील."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं मी ऐकलं. घर चालवणं ही एकच गोष्ट मला धाकटीपेक्षा बरी येते. हसायला मला येत नाही, माणसं जोडायला येत नाही, पण उरलेल्या पाण्याने फरशी पुसणं आणि जाता जाता बटण बंद करणं हे माझ्या अंगातच आहे. तेवढं एकदा भरसभेत, सासूबाईंच्या देखत कोणीतरी शिकलेल्या माणसाने म्हणावं, एवढंच मला हवं होतं. जास्त काही मागत नव्हते मी.

मग मी कंबर कसली. सासूबाईंचा दुपारचा पंखा बंद केला, खिडकी उघडली की वारा येतो असं सांगून. बैठकीतला मोठा दिवा काढून ठेवला. यांना सांगितलं, फोन ऑफिसात चार्ज करून आणा. हे म्हणाले, "आपण घरात राहतोय की गुहेत?" मी त्यांचा चार्जर काढून त्यांच्या डब्याच्या पिशवीत टाकला. लेकीला म्हटलं, अभ्यास दिवसाउजेडी कर. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की बस.

एवढं करूनही ठिपका काही थांबेना. कपडे धुवायचं यंत्र, इस्त्री, मिक्सर, ही सगळी विजेची भुतं. तेव्हा मला जे सुचलं त्याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला होता. धुण्याची बादली उचलली आणि वर गेले.

"आमचं यंत्र गळतंय गं," मी म्हटलं.

"मग टाका ना इथे, ताई. विचारता काय?"

विचारणं बंद झालं. धुणं वर, इस्त्री वर, वाटणघाटण वर. तिचा गॅस पेटलेलाच असायचा, म्हणून आमचा कुकरही तिच्याच कुकरच्या मागोमाग चढायला लागला. काट्यावाली यायच्या दिवशी सालंदेठं मी गुपचूप तिच्या बादलीत नेऊन टाकायचे. माझं कमी आणि तिचं जास्त, एका दगडात दोन पक्षी. जिन्याखाली जाऊन मी दोन्ही डब्या बघत उभी राहायचे. तिचा ठिपका घाई झाल्यासारखा लुकलुकायचा, माझा पेंगुळलेला. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

धाकटीला काही कळलं नाही. की कळलं आणि बोलली नाही? हा प्रश्न मला आजही छळतो. कारण कळून गप्प राहिली असेल, तर तिथेही ती माझ्यावर मात करून गेली.

याच सुमाराला सासूबाई दुपारी वर जाऊन पडायला लागल्या. पंखा होता ना तिथे. पुढे विणकामाची टोपली पण वर गेली. लेक पुस्तकं घेऊन जायची ती जेवायलाच खाली यायची, आणि नंतर जेवूनच यायची. हे ऑफिसातून आले की आधी वर डोकावायचे, मॅचचा स्कोअर बघायला म्हणून. वरून हसण्याचा आवाज यायचा. माझ्या बैठकीत अंधार असायचा आणि मी पायरीवर बसून तो आवाज ऐकायचे. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. माझी माणसं, माझा कुकर, आणि हसणं मात्र तिच्या घरात. मग मी मनाशी म्हणायचे, हसा, सभेच्या दिवशी बघू.

काट्यावाली यायची तेव्हा मी दारातच तिला माझी हलकी पिशवी द्यायचे. ती जोखायची, इकडे तिकडे बघायची आणि विचारायची, "घरात कोणी नाही का?" मी म्हणायचे, "आहेत की सगळे, जरा वर गेलेत." ती मान हलवून वर जायची, आणि बराच वेळ खाली यायची नाही.

सभेच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले. पुढच्या रांगेत बसले, सासूबाईंना शेजारी बसवलं. धाकटी उशिरा आली, दवाखान्यातून तशीच, आणि मागे उभी राहिली. प्राध्यापक बाईंनी पडद्यावर आमच्या वस्तीचा नकाशा दाखवला. प्रत्येक घर म्हणजे एक चौकोन. फार वापर तो लाल, कमी वापर तो हिरवा. धाकटीचा चौकोन शोधायला मला वेळ लागला नाही. तो हिरवागार होता.

मला वाटलं, काहीतरी घोटाळा झाला. बाई म्हणाल्या, "या घराचा एकूण वापर बराच आहे. पण आम्ही नुसत्या भिंती मोजल्या नाहीत, त्या घरातल्या उजेडात किती माणसं बसतात तेही पाहिलं. एकाच दिव्याखाली कोणी अभ्यास करतंय, कोणी विणतंय, कोणी मॅच बघतंय. दोन कुटुंबांचं एका शेगडीवर शिजतं, दोन घरांचं धुणं एका यंत्रात निघतं. माणशी हिशोब केला तर सगळ्या वस्तीत इतका कमी खर्च कुणाचा नाही. नवं उपकरण घेण्याआधी एकमेकांचं वापरता येतं का, हे या घराकडून शिकण्यासारखं आहे."

टाळ्या वाजल्या. सासूबाईंनी वळून मागे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, पुढे ये की." धाकटी लाजून तिथेच हसत राहिली. ते धुणं माझं होतं. तो कुकर माझा होता. त्या दिव्याखालची माणसं पण माझीच होती. मी उठून ओरडून सांगावं असं वाटत होतं, पण सांगणार काय, की मी फसवायला गेले आणि त्यातून हिचं कौतुक झालं?

माझ्या घराचा चौकोन राखाडी होता. लालही नाही, हिरवाही नाही. सभा संपल्यावर मी काट्यावालीला कोपऱ्यात गाठलं.

"राखाडी म्हणजे काय गं?"

तिने पायाकडे पाहिलं. "मालक बाहेरगावी असतात ना, ती घरं. बंद घरं. ती हिशोबात धरत नाहीत."

"बंद? अगं, तू दर आठवड्याला माझ्या दारात येत होतीस."

"मी सांगितलं मॅडमना, ताई. इतका कमी वापर असला की कॉम्प्युटर आपोआप घर बंद धरतो. मी म्हटलं, तिथे माणसं राहतात. तर त्यांनी विचारलं, तू गेलीस तेव्हा आत कोण कोण भेटलं?" तिने काट्याची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मी खोटं कसं सांगणार? तुम्ही दारात भेटायचात. आत कधीच कोणी नव्हतं."

मी घरी एकटीच आले. बाकीचे धाकटीसोबत मागून, रमतगमत, हसत आले आणि सरळ जिना चढून वर गेले. सासूबाईसुद्धा, कठड्याला धरत. खाली कोणी डोकावलं नाही. मी बैठकीत उभी राहिले. सासूबाईंच्या खाटेवरची चादर मी सकाळी घातली होती तशीच होती, सुरकुतीसुद्धा नव्हती. लेकीच्या टेबलावर एक पुस्तक नव्हतं. यांचा चष्माही इथे नव्हता.

मग मी काढून ठेवलेला मोठा दिवा शोधून परत लावला आणि पेटवला. स्वयंपाकघरातला पेटवला, मोरीतला, मागच्या खोलीतला. सासूबाईंच्या खाटेवरचा पंखा सोडला. इस्त्री तापत ठेवली, इस्त्रीला कपडा नसताना. जिन्याखाली गेले आणि माझ्या डबीपुढे उभी राहिले. ठिपका आता चांगला धावत होता. मोजा म्हटलं, आता मोजा, इथे माणूस राहतं.

वरून धाकटीचा आवाज आला. "ताई, खाली पाहुणे आलेत का? सगळीकडे दिवे लागलेत."

"नाही गं," मी म्हटलं, "मीच आहे."

"एकट्याच? मग एवढे दिवे कशाला? विझवा आणि वर या. सगळे इथेच आहेत."