१२ आणि १२/

चहा आधी घ्या. माझी फजिती ऐकता ऐकता तो निवला, तर दोष मला देऊ नका.

मी शिकवते त्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली होती आणि ती मला हवी होती. शाळेचे अध्यक्ष दादासाहेब सपत्नीक माझ्याकडे चहाला येणार होते. बाई घर कसे ठेवते, हे पाहायचे असणार, दुसरे काय?

प्रताप नगरातील माझ्या घराचे एक दार पुढच्या गल्लीत, एक मागच्या. क्रमांक टाकणाऱ्या रंगाऱ्याने पुढे '१२' लिहिले. मागे '१२' आणि एक तिरकी रेघ ओढून तो जो गेला, तो रेघेपुढचे अक्षर लिहायला परत आलाच नाही. लोक दोन्ही दारे ठोठावू लागले. एका घराला दोन पत्ते? मला सोसवेना. मी मागच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी लावली : "१२/ येथे आलेल्यांनी १२ कडे जावे. दार वाजवू नये."

व्यवस्था उत्तम चालली. मग पाहुण्यांसाठी म्हणून पुढच्या व्हरांड्यात नवा कोबा घातला. तो वाळेना, म्हणून पुढेही पाटी : "१२ येथे आलेल्यांनी १२/ कडे जावे. दार वाजवू नये."

आणि मागची पाटी? ती काढायचे सुचले असते, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काय उरले असते?

मी पोहे झाकून आत बसले. पाहुणे येईनात. अखेर शेजारच्या कुसुमताई भिंतीवरून डोकावल्या.

"बाई, तुमच्या घराले कोण प्रदक्षिणा घालून राहिलं वं? धोतरवाले पुढं, बाईमाणूस मागं."

मी मागच्या दाराशी धावले. बाहेरून आवाज आला.

"अहो, काहून फिरवून राहिले मले उन्हात? वाजवा ना दार."

"कसं वाजवू? नको म्हणून लिहिलं आहे."

"मग आता?"

"आता परत बाराकडे. चल."

मी दार उघडले. दादासाहेब टोपीने वारा घेत होते. त्यांच्या पत्नी पायरीवरच बसल्या होत्या.

मी दोघांना आत घेऊन पोहे वाढले. जागा गेली, असे मी धरूनच चालले. निघताना दादासाहेब म्हणाले, "बाई, मुख्याध्यापिका तुम्हीच."

मी नम्रपणे मान लववली.

"आपल्या शाळेले फाटक एकच आहे," ते म्हणाले, "म्हणून हिंमत करून राहिलो."