कॉंकरचे लाडू

सासूबाईंनी दुसरा लाडू संपवला आणि माझी लेक किंचाळली, "ममा, हे कॉंकरचे आहेत! पॉयझनस असतात! मी शेजारच्या आजींना गार्डनमध्ये सोलताना बघितलंय!"

कॉंकर म्हणजे आमच्या लंडनमधल्या ईलिंगच्या पार्कात पडणाऱ्या तपकिरी, गुळगुळीत बिया. पोरं त्या दोरीत ओवून खेळतात, खात कुणी नाही. शेजारच्या जपानी आजी पिशव्या भरभरून नेत होत्या. मला वाटलं, शोभेला असतील! लाडू त्यांनीच दिले होते.

माझं डोकंच फिरलं. ताट उचललं, शेजारी धावले आणि चक्क ओरडले, "व्हॉट इज दिस?" आजींना इंग्रजी जेमतेम. त्या घरातल्याच सपाता घालून माझ्यामागून आल्या, सासूबाईंजवळ बसल्या आणि उरलेले लाडू स्वतः खायला लागल्या. एकेक. आता दोन म्हाताऱ्या!

१११ला, म्हणजे इथल्या वैद्यकीय सल्ल्याच्या नंबरला, फोन केला. लक्ष ठेवा म्हणाले, उलटी झाली तर ताबडतोब आणा. सासूबाईंचं हृदय आधीच नाजूक, नवरा कामासाठी ग्लासगोला. काही झालं तर त्याला काय तोंड दाखवणार होते मी? दर दोन मिनिटांनी विचारत होते, "आई, मळमळतंय का?"

"तुझ्या विचारण्यानंच मळमळेल," सासूबाई म्हणाल्या.

आजींची मुलगी ऑफिसातून धावत आली. दोघींचं जपानीत बोलणं झालं, मग तिनं मला इंग्रजीत सांगितलं. त्यांचं डोंगरातलं गाव आता दूरच्या शहरात विलीन झालंय, पाटीवर नावही नाही. तिथं थंडीच्या आधी घरोघरी अशाच बिया वाळवायचे, वाहत्या पाण्यात ठेवायचे, राखेनं कडूपणा काढायचे आणि भाताबरोबर कुटून लाडू करायचे.

"पण इथली झाडं वेगळी," मुलगी सांगत होती, "म्हणून आई म्हणते, आधी मी एकटीनंच खाऊन बघितले, काही होतंय का म्हणून..." आणि ती मध्येच थांबली. हे ती स्वतःही पहिल्यांदाच ऐकत होती.

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी आजींचा हात धरला. "अगं बाई, आणि तेव्हा तुझ्याजवळ कोण बसलं होतं?"

आजींच्या मुलीनं विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. ती कोटसुद्धा न काढता आईला खेटून बसली.