मालकाच्या मुलाचे टायर

भायखळ्याला स्कूटर नेली की टायरवाले काका आधी चाकाची विचारपूस करायचे, मग माझी. संपाआधी ते परळच्या एका गिरणीत फिटर होते. संपात नोकरी गेली, अदब मात्र राहिली. गिऱ्हाइकाला नकार द्यायचा असला की ते म्हणत, "साहेब, आपलं बरोबर आहे."

एकदा त्याच गिरणीच्या मालकाचा मुलगा वडिलांची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन आला. सायकलसारखी तारांची चाकं काढून त्याला रुंद, चकचकीत चाकं हवी होती.

"साहेब, आपलं बरोबर आहे. पण वळताना टायर मडगार्डला घासतील."

काकांनी पान्याने एकेक तार वाजवून पाहिली आणि ढिल्या होत्या त्या आवळल्या. चाकं तीच ठरली. मग साहेबांनी कोपऱ्यातले विलायती टायर पसंत केले. काकांनी एक दाबून भेगा दाखवल्या.

"नक्षी कोरी आहे, पण रबर जुनं झालंय. वेगात फुटेल."

"गाडी माझी आहे. बसवा!"

"आपलं बरोबर आहे," म्हणत काकांनी सुरा घेतला आणि स्वतःच्याच दुकानातले ते चारही टायर चिरून टाकले. साहेब तणतणत निघून गेले.

"त्याच्या बापाने तुम्हाला घरी बसवलं ना?" मी विचारलं.

"भांडण बापाशी होतं रे. पोराने कशाला मरायचं?"

महिन्याभराने साहेब नवे टायर घेऊन आले. तारांची चाकं समजणारा दुसरा कुणी त्यांना सापडला नव्हता. काकांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. माझी स्कूटर दुपारपर्यंत ताटकळली.