वाणात आलेली बाटली

मुलांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी एकीनं उन्हापासून त्वचा वाचवणारी हिरवी कॅप्सूल कौतुकानं दाखवली. झाडपाल्याची आहे, मग अपाय कसला, असं ती म्हणाली. मी विषय बदलला, कारण धाकटी आजी माझ्या शेजारीच बसली होती. म्हणून आज लिहिते.

गेल्या वर्षी संक्रांतीत आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. वाण म्हणून वाटी, गाळणी असं काहीतरी मिळतं. त्या घरच्या बाईनं मात्र प्रत्येकीच्या हातात असल्याच कॅप्सूलची छोटी बाटली ठेवली. हा माल ती व्हॉट्सॲपवरून विकते. वाण कोणी नाकारत नाही आणि त्याबद्दल प्रश्नही विचारत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घरी येऊन मी लेबल वाचलं. कोपऱ्यात, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, हे औषध नाही असं छापलेलं. एक कॅप्सूल फोडली, तर ओल्या पायपुसण्यासारखा वास आला. मी माझी बाटली कचऱ्यात टाकली.

धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, तिची टाकेना. तिला ऊन सोसत नाही. डॉक्टरांनी छत्री, लांब बाह्या आणि मलम कायमचं सांगितलंय, आणि तिला त्याचा मनापासून कंटाळा आला होता. शिवाय सवाष्णीच्या हातचं वाण वाया घालवू नये, ही तिची श्रद्धा. ती रोज जेवणानंतर कॅप्सूल घेऊ लागली. उन्हाळ्यात भजनी मंडळाबरोबर मनोरीला निघाली, तेव्हा छत्री मुद्दाम घरी ठेवली. मार्वेच्या जेट्टीवर सगळ्याजणी भर दुपारी बोटीची वाट बघत उभ्या होत्या.

संध्याकाळी ती परतली ती गाल सुजवून. सकाळी फोड आले, ते फुटले, उशीचा अभ्रा गालाला चिकटायला लागला. मी कापसानं मलम लावत असताना तिसऱ्या मजल्यावरची समाचाराला आली. बसली, हळहळली आणि पिशवीतून मोठी बाटली काढली.

"डोस कमी पडला हो काकू. ही घ्या, तुम्हाला डिस्काउंटमध्ये देते."

पाणी गळणाऱ्या त्या गालाकडे बघत ती हे बोलली. मला इतकी किळस आली की मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

यंदा पुन्हा तेच हळदीकुंकू, लेबल नवं, माल तोच. जावेनं कुंकू लावून घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि बाटली तिच्याच तबकात परत ठेवली.

"हे तुझं तू खा गं."

बाकीच्यांनी आपापल्या बाटल्या मुकाट्यानं पर्समध्ये टाकल्या.

धाकट्या आजीच्या उजव्या गालावर तपकिरी डाग राहिला आहे. दारामागच्या खिळ्याला तिची काळी छत्री असते. खाली भाजीला उतरली तरी ती घेऊन जाते.