वडापमध्ये बोललेलं

हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. माझ्या ओळखीची माणसं हे वाक्य वाचून हसतील, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे दौंडपासून शिरूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. अशी बाई शाळेत समुपदेशक झाली, म्हणजे मुलांची गुपितं ऐकायची नोकरी धरून बसली, याची माझी बहीण अजून चेष्टा करते. करू दे. एक गोष्ट मी वर्षानुवर्षं गिळून बसले होते आणि ही नोकरी त्या गोष्टीवरच उभी आहे, हे तिला कुठं माहीत?

कुठून सुरू करू? — मुल्लाबाईंपासून करते.

तेव्हा मी वरवंडजवळच्या एका शाळेत नववीची वर्गशिक्षिका होते. दौंडहून अप-डाउन करायचे. मुल्लाबाई हिंदी शिकवायच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या, बोलायला कमी. माझ्या वर्गात कोमल होती. हुशार, जरा भित्री. एक दिवस कोमलनं मुल्लाबाईंना सांगितलं की घरी तिचं लग्न जमवायचं चाललंय आणि तिला शिकायचंय. कुणाला सांगू नका म्हणाली. बाईंनी फक्त मला सांगितलं, वर्गशिक्षिका म्हणून. म्हणाल्या, "मी आईशी सवडीनं बोलते. तू फक्त पोरीकडं लक्ष ठेव."

लक्ष ठेव. एवढंच काम होतं माझ्याकडं!

त्याच संध्याकाळी वडापमध्ये बसले — वडाप म्हणजे आमच्याकडची माणसं कोंबून नेणारी जीप. आम्हा अप-डाउनवाल्यांची खरी स्टाफरूम तीच. शाळेत जे बोलता येत नाही ते तिथं बोलायचं, अगदी मोकळ्या गळ्यानं. मुल्लाबाई त्या दिवशी नव्हत्या; शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका बाईंना मी सांगून टाकलं. नुसतं सांगितलं असं तरी कसं म्हणू? — नाव घेऊन सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, असल्या आईबापांना पोलिसांतच दिलं पाहिजे म्हणाले. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी कोमलचा चुलता बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून कोमल शाळेत आली नाही.

घरच्यांनी तिला विचारलं, कुणाला बोललीस? ती एकाच माणसाजवळ बोलली होती. मग बोभाटा कुणी केला हे ठरायला कितीसा वेळ लागणार? मुल्लाबाईंनी. चुलत्यानं जीपमध्ये 'शाळेतली बाई' बोलताना ऐकली होती, त्याला आमची तोंडं कुठं ओळखीची? आणि मी — मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

मुल्लाबाई रोज परतीच्या वाटेवर फाट्यावर उतरायच्या आणि कोमलच्या वस्तीवर जायच्या. सुरुवातीला त्यांना कुणी बसासुद्धा म्हणालं नाही. अंगणात उभ्या राहायच्या, आईची चौकशी करायच्या, निघायच्या. दुसऱ्या दिवशी परत. पुढं कधीतरी आईनं चहा ठेवला. शेवटी बाप म्हणाला, दहावीपर्यंत शिकू दे. कोमल आली.

आली, पण मुल्लाबाईंकडं तिनं मान वर करून पाहिलं नाही. हिंदीच्या तासाला मागच्या बाकावर, खिडकीकडं तोंड करून. दहावी संपेपर्यंत. हे मी रोज बघत होते. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर? नाही बोलले. उलट निरोप समारंभात कोमल माझ्या गळ्यात पडून रडली. "बाई, तुम्ही होता म्हणून मी परत आले," म्हणाली. मुल्लाबाई पलीकडं पेढे वाटत होत्या. मी कोमलच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो.

यापुढचं त्याहून वाईट आहे.

काही वर्षांनी मी पुण्यात शालेय समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, एखाद्या मुलीनं तुमच्यावर विश्वास टाकला असा प्रसंग सांगा. — मी काय सांगितलं असेल? फाटा सांगितला, वस्ती सांगितली, अंगणात उभं राहणं, उशिरा मिळालेला चहा. सगळं खरं. फक्त मुल्लाबाईंच्या जागी मी. समोरच्या मॅडम म्हणाल्या, अशीच माणसं या कामात हवीत. प्रवेश मिळाला. पहिल्याच तासाला शिकवलं की मुलानं सांगितलेलं मुलाचंच असतं. मी ते व्यवस्थित उतरवून घेतलं!

आता मी शिरूरच्या एका शाळेत आहे. खोलीत येणारं प्रत्येक मूल विचारतं, कुणाला सांगणार नाही ना? मी सराईतपणे नाही म्हणते. गेल्या महिन्यात एका पोरीनं पुढचं विचारलं, "याआधी कवा कुणाचं सांगितलंय का?"

का कोण जाणे, मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "हो, एकदा." तिनं खुर्ची जरा पुढं ओढली. मग बोलायला लागली. काय बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही.

त्या रविवारी मी शिक्रापूरला गेले. कोमल तिथं कंपनीत आहे, खोली घेऊन राहते. तिला वडापमधलं सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "मुल्लाबाईंचा नंबर हाय का?" मी दिला. ती फोन घेऊन गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं. मी जिना उतरले आणि शिरूरची एसटी धरली. बसल्या बसल्या अशी झोप लागली की स्टँडवर कंडक्टरनं हलवून उठवलं.

घरी पोचते तोच मुल्लाबाईंचा फोन. पहिल्यांदा त्या कोमलबद्दलच भरभरून बोलल्या. मग म्हणाल्या, "अगं, मला तवाच कळलं होतं. जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं, कोण बोललं ते."

मग तुम्ही कोमलला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"माझ्यावरनं तर तिचा विश्वास उडालाच होता. तुझ्यावरनंबी उडाला असता, तर पोर शाळेत कुणाकडं बघून आली असती?"

तेव्हा मी त्यांना मुलाखतीचंही सांगितलं. सगळं, काही न गाळता. त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.

त्या 'बरं'चा अर्थ मी लावत बसत नाही. मला हलकं वाटतंय, एवढं खरं. उद्या शाळा आहे. खोलीत दोन खुर्च्या आहेत, एक मुलांची. दुसरीवर मी बसते, पण ती मिळवली मुल्लाबाईंनी.