उठून दिलेली जागा

शिवलीलाचं वजन वाढलं ते सगळं पोटावर. हात बारीक, पाय बारीक, चेहरा लग्नाच्या फोटोत होता तसाच. देवानं काय मनात धरून सगळा ऐवज मधल्या मजल्यावर रचून ठेवला, ते त्यालाच ठाऊक. साडीत ते कसंबसं झाकलं जायचं, पण बेळ्ळंदूरच्या ऑफिसात कुर्ता घालायची पद्धत, आणि कुर्ता पक्का चुगलखोर.

निपाणीची ही मुलगी लग्न होऊन बेंगळुरूच्या बनशंकरी भागात आली त्याला बरीच वर्षं झाली होती. नवरा महांतेश चिक्कोडीकडचा, एका कारखान्यात सुपरवायझर, स्वभावानं गरीब. मूल नव्हतं. तपासण्या झाल्या, औषधं झाली, दोन्हीकडच्या देवांचे नवस झाले, आणि मग कधीतरी दोघांनीही काही न बोलता तो विषय माळ्यावर टाकून दिला. माळ्यावरच्या सामानाचं होतं तसंच त्याचं झालं. दिसत नव्हतं, पण घरात होतं.

दसरा होऊन गेला होता. सकाळची बस खचाखच भरलेली, कारण बायकांना तिकीट माफ झाल्यापासून त्यांची गर्दी दुप्पट झालेली. शिवलीला पुढच्या बाजूला दांडी धरून उभी होती आणि फोनवर आईला सांगत होती, "ठेव गं आता, बसमध्ये आहे." तेवढ्यात समोरच्या सीटवरची बाई चमकून वर बघायला लागली. साठीच्या अलीकडची, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर कापडी पिशवी.

"मराठी व्हय? कुठल्या गे तुमी?"

"निपाणीची."

"आगं बया! मी गोकाककडची. यल्लव्वा म्हणत्यात मला. थांबा, उठतो मी. बसा."

त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'उठतो, जातो' म्हणतात. शिवलीलानं ती बोली बेंगळुरूत आल्यावर ठरवून सोडली होती. ती कानावर पडताच तिला आजोळी गेल्यासारखं वाटलं, आणि त्या नादात पुढचं वाक्य जरा उशिरा कळलं.

"असल्या दिवसांत उभं ऱ्हाऊ ने बघा. कितवा लागलाय?"

'मला दिवस नाहीत' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या मागोमाग 'मी नुसती जाड आहे' हेही म्हणावं लागलं असतं, आणि आजूबाजूच्या सगळ्या बायका आता हिच्या पोटाकडे बघत होत्या. शिवलीलाची जीभ टाळ्याला चिकटली. सुटली ती भलतंच बोलून सुटली.

"चौथा."

आणि ती बसली. पुढे तिला या सगळ्याची लाज वाटली, पण सर्वांत जास्त लाज वाटली ती एका गोष्टीची, की त्या सीटवर तिला बरं वाटलं होतं. कुणीतरी खिडकी उघडून दिली. कुणीतरी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "अण्णा, ब्रेक स्वल्प हळू!" इतक्या वर्षांत तिच्या पोटाकडे बायकांनी इतक्या मायेनं कधीच बघितलं नव्हतं.

खोटं निस्तरायचा सरळ मार्ग म्हणजे दुसऱ्या दिवशी खरं सांगणं. शिवलीलानं आडवाट धरली. ज्या पोटामुळे ही वेळ आली ते पोटच घालवायचं, असं तिनं ठरवलं. जिमला जायची सोय नव्हती, कारण तिथं आरसे असतात आणि माणसंही असतात. म्हणून घरातच.

दुसऱ्या दिवशी तिनं हॉलमधला सोफा सरकवला, लग्नात आलेला नवलगुंदचा जमखाना अंथरला, पडदे ओढून घेतले आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. व्हिडिओतली छडीसारखी मुलगी हसतहसत "और एक, बस और एक" म्हणत उड्या मारायला लागली. शिवलीलानं पहिली उडी मारली तेव्हा शोकेसमधले कप किणकिणले. जमिनीवर पाठ टेकून पाय उचलायचा प्रकार आला, तो एकदाचा झाला, पण झाल्यावर तिला उठता येईना. कुशीवर वळून, गुडघे टेकून, रांगत ती सोफ्यापाशी पोचली, तर दारात महांतेश उभा.

 तो आपला चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेला आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. त्या दिवसापासून तिचा व्यायाम चालू असेपर्यंत तो रोज तसाच पाठ करून बसायचा, थंडी असली तरी. त्यानं खिदळून थट्टा केली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. त्याच्या त्या पाठीकडे बघून तिला जास्तच ओशाळल्यासारखं व्हायचं.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे घरमालक रघुपती राव वर आले. अतिशय सभ्य माणूस. नजर चौकटीवर लावून, कन्नडमध्ये, आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाले, "उड्या स्वल्प हळू, अम्मा. आमचा पंखा हलतोय." धरणीनं पोटात घ्यावं असं शिवलीलाला झालं, आणि लगेच मनात आलं की धरणीला तरी हे वजन झेपेल का. त्यानंतर तिनं उड्या सोडल्या. उठाबशा, भिंतीला पाठ लावून बसणं, हातापायांवर शरीर तोलून धरणं, असल्या बिनआवाजाच्या व्यायामांवर आली. घाम गाळायची तो मात्र इमानेइतबारे.

तिकडे बसमध्ये यल्लव्वा स्वतःला तिच्या सेवेला जुंपून घेतल्यासारखी वागत होती. ती एक स्टॉप अलीकडे चढायची, सीट धरायची, आणि शिवलीला चढली की उठायची. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ती चपात्या लाटायची. दिवसभर उभ्यानं काम. पायांच्या शिरा फुगलेल्या, साडीचा काठ वर झाला की दिसायच्या. शिवलीलाला त्या दिसत होत्या. तरी ती बसत होती.

"यल्लाक्का, आज तुम्ही बसा."

"गप्प बस गे. मी जन्माची उभी. तुझं आता दोन जिवांचं हाय."

एकदा शिवलीला मुद्दाम आधीच्या बसनं गेली. दुसऱ्या दिवशी यल्लव्वा घाबरीघुबरी होऊन विचारत होती, "काल कुठं हुतीस? माझा जीव टांगणीला लागला." पुन्हा तसं करायचा शिवलीलाला धीर झाला नाही. शिवाय खाऊ असायचाच. डोहाळे विचारून विचारून यल्लव्वा कधी गव्हाची गोड हुग्गी आणायची, कधी शेंगा होळीगे, म्हणजे शेंगदाण्याच्या पोळ्या. सकाळी भाताच्या शितालाही नाही म्हणणारी शिवलीला त्या पोळ्या खाली मान घालून खायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावानं जास्तीच्या उठाबशा काढायची.

"दर रविवारी बनशंकरीच्या देवळात राहुकाळात लिंबाचा दिवा लावतो बघ तुझ्यासाठी," यल्लव्वानं एकदा सांगितलं. "सुखरूप सुटका हूं दे म्हणून."

शिवलीला खिडकीबाहेर बघत राहिली. खरं सांगायची ती वेळ होती. पण एवढं झाल्यावर सांगायचं म्हणजे पहिल्या दिवशीपेक्षा कितीतरी अवघड झालं होतं. रोज ते थोडं थोडं अवघड होत गेलं.

आणि इकडे पोट उतरायला लागलं! सलवारीची नाडी आणखी आवळावी लागली. महांतेशनं हरखून तिच्यासाठी एक नवा कुर्ता आणला, बेताच्या मापाचा, मोरपिशी. तो तिला चपखल बसला. आरशात बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तिनं तो घडी करून कपाटात ठेवला. ऑफिसला जाताना जुना ढगळ कुर्ताच घातला, त्यावर ओढणी पोटाशी चुरगाळून धरली, वर बॅग. बारीक होण्यासाठी घाम गाळायचा आणि बारीक झालेलं लपवण्यासाठी कपडे शोधायचे, अशी तिची गत झाली होती. "आवडला नाही का?" महांतेशनं एकदाच विचारलं. ती म्हणाली, "ठेवणीतला आहे." तो बिचारा 'सरी', म्हणजे बरं, एवढंच म्हणाला.

संक्रांतीला यल्लव्वानं तिळाची होळीगे आणली. "तीळ उष्ण. तुला द्यायचं न्हाई खरं तर. पण सणाचं म्हणून एकच खा." शिवलीलानं एक खाल्ली, आणि चव इतकी माहेरची होती की दुसरी मागून घेतली. यल्लव्वानं जरा कां-कूं करून दिली.

पुढच्या आठवड्यात बस सिल्कबोर्ड चौकातल्या कोंडीत अडकली असताना यल्लव्वानं पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. हिरव्या काचेच्या बांगड्या. रोजच्या पाचसहा बायका गोळा झाल्या. सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरायचा असतो, आणि हिचं माहेर लांब, मग इथंच भरू, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. कुणी गजरा आणला होता, कुणी केळी. बांगड्या भरल्या. मग यल्लव्वा हातात नारळ आणि खण घेऊन म्हणाली, "पसर गे पदर."

ओटी घ्यायची तर पदर पसरावाच लागतो. बॅग कुणीतरी काढून घेतली. शिवलीलानं पोटाशी धरलेली ओढणी दोन्ही हातांनी उचलून पुढे पसरली, आणि तिच्याखाली ढगळ कुर्त्याशिवाय काहीच नव्हतं.

यल्लव्वाचा नारळ धरलेला हात मधेच थांबला. तिनं पोटाकडे बघितलं, मग शिवलीलाच्या तोंडाकडे. मग भरकन ओटी घातली, ओढणी तिच्या अंगाशी स्वतःच गुंडाळून दिली, आणि बायकांना म्हणाली, "झालं, झालं. सरका आता, वारं लागू दे तिला." बायका हटल्यावर ती तिच्या कानाशी वाकली. 

"कधी झालं गे? गेलं नव्हं?"

शिवलीलाला अर्थ कळायला क्षणभर लागला. कळल्यावर तिला समोर उघडं दार दिसलं. नुसती मान हलवली की सगळं खोटं मिटणार होतं, कायमचं, आणि कुणीही तिला जाड म्हणणार नव्हतं, खोटारडी म्हणणार नव्हतं. तिनं मान हलवली.

 बेळ्ळंदूरला उतरल्यावर यल्लव्वा फुटपाथवर थांबली. "तीळ उष्ण असतंय. म्हाईत असून दिलो मी तुला. दोन दोन. माझ्याच हातानं झालं हे पाप," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून कॅन्टीनच्या दिशेनं निघून गेली. शिवलीलाला हाक मारायची होती. गर्दीनं तिला पुढे ढकललं आणि तिनं ढकलू दिलं.

त्यानंतर यल्लव्वा बसमध्ये आलीच नाही. शिवलीलासाठी जागा धरून ठेवणारं आता कुणी नव्हतं. सकाळी जमखाना अंथरला तरी त्यावर ती नुसती बसून राहायची, आणि व्हिडिओतली मुलगी एकटीच उठाबशा काढायची. महांतेश बाल्कनीतून मागे न बघताच म्हणाला, "बरं नाही का गं?"  आपल्याला स्वतःची लाज वाटते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

रविवारी राहुकाळ लागला तेव्हा ती बनशंकरीच्या देवळात होती. देवीसमोर बायकांची रांग, प्रत्येकीसमोर पिळून उलटं केलेलं अर्धं लिंबू, त्यात तूप आणि वात. यल्लव्वा एका कडेला बसली होती. दिवा लावून तिनं दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या, लहान मूल चुकल्यावर मारून घेतं तशा, आणि पुटपुटत राहिली. शिवलीला तिच्याशेजारी जाऊन बसली.

"यल्लाक्का, तुमचं काही चुकलं नाही. दिवस नव्हतेच मला. पहिल्या दिवसापासून नव्हते." आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. "मी नुसती जाड होते. सांगायची लाज वाटली म्हणून खोटं बोलले. मग व्यायाम करून बारीक झाले. एवढंच आहे."

यल्लव्वानं गालावरचा हात खाली घेतला. "म्हंजे कोणबी गेलं न्हाई?"

"नाही."

यल्लव्वानं डोळे मिटून देवीला हात जोडले. तिचे खांदे खाली आले, ओठ हलत राहिले, आणि गालांवरून पाणी वाहत राहिलं. मग तिनं डोळे उघडले, पण शिवलीलाकडे बघितलं नाही.

"मग मी इतके दिवस उभी ऱ्हायलो, ते कुणासाठी गे?"

 यल्लव्वा जमिनीला हात टेकून, गुडघ्यावर हात दाबून उठली आणि निघून गेली. लिंबातला दिवा संपेपर्यंत शिवलीला तिथंच बसून होती.

सोमवारी तिनं मोरपिशी कुर्ता घातला. ओढणी घेतली ती सरळ गळ्यात. बसमध्ये चढली तर यल्लव्वा नेहमीच्या सीटवर होती. ती उठली नाही. शिवलीला तिच्याशेजारी दांडी धरून उभी राहिली. सवयीनं तिनं पोट आत ओढून घेतलं, मग ते सोडून दिलं. नेहमीच्या बायका आधी तिच्या पोटाकडे आणि मग एकमेकींकडे बघत होत्या, आणि तिचे कान तापले होते. बस कोंडीत अडकली, धक्के खात निघाली, पुन्हा अडकली. तिच्या पोटऱ्या भरून आल्या. एवढ्या उठाबशा काढूनही भरून आल्या. ही बाई असल्या पायांवर रोज इथं उभी राहायची, आणि वर दिवसभर चपात्या लाटायची, हे आता तिच्या पायांनाच कळत होतं.

सिल्कबोर्ड ओलांडल्यावर यल्लव्वानं खिडकीबाहेर बघत बघतच हात पुढे केला.  शिवलीलाला आधी समजलं नाही. मग तिनं खांद्यावरची जड बॅग काढून त्या हातात दिली, आणि बसलेली बाई उभ्या असलेल्या कुठल्याही अनोळखी बाईची घेते तशी यल्लव्वानं ती मांडीवर घेतली.

बेळ्ळंदूरपर्यंत शिवलीला उभीच होती.