हार्ड आणि हार्डली

शेंद्र्याच्या कारखान्यात मी मशीनवर काम करायचे. तिथं सुपरवायझरची जागा निघाली, तेव्हा मुलाखतीसाठी म्हणून औरंगपुऱ्यात इंग्रजीचा क्लास लावला. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "विशेषणाला 'ली' लावा, झालं क्रियाविशेषण. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली." मी ते घोकून घोकून पाठ केलं.

मुलाखतीत आमच्याच खात्याच्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही काम कसं करता? मी ताठ बसून म्हणाले, "आय वर्क हार्डली, सर."

साहेब शेजारच्या अधिकाऱ्याकडे बघून हसले. "म्हणजे तुम्ही कामच करत नाही? हार्डली म्हणजे जेमतेम, मॅडम!" मग दोघंही हसत सुटले. जागा दुसऱ्याला मिळाली.

त्याच संध्याकाळी मी तडक वर्गात शिरले. "सर, हार्डलीचा अर्थ उलटा होतो, हे का नाय सांगितलं?"

"अहो, तो अपवाद आहे. पुढच्या लेव्हलला शिकवतो."

"माझी मुलाखत तुमच्या लेव्हलसाठी थांबली नाय!" माझा आवाज चढला. "आत्ता लिहा फळ्यावर. सगळ्यांना कळू द्या."

सरांनी खडू उचलला आणि 'ली' न लावता तसेच वापरायचे शब्द लिहिले. हार्ड, फास्ट, लेट. सगळ्यांनी वहीत उतरवलं. मीही उतरवलं.

सरांवरचा राग पुढं ओसरला. साहेबांवरचा नाही. ते रोज मला घाम गाळताना बघत होते. मला काय म्हणायचंय, ते त्यांना नीट कळलं होतं.